भुकेचा खेळ आणि साधनांचा विवेक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या एका अमेरिकन कादंबरीवर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात व्याख्यान ठेवण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची परवड, शिक्षणाचा बाजार असे विषय दाराशी उभे असताना कल्पित राज्यातील कल्पित मुलांच्या कथेला वेळ का द्यावा? या प्रश्नाचे उत्तर एका घटनेत आहे. २२ मे २०१४ रोजी थायलंडमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. पाच किंवा अधिक माणसांनी राजकीय कारणासाठी एकत्र जमण्यावर बंदी आली. घोषणा नको, फलक नको, सभा नको, अशी ती अवस्था होती. तेव्हा बँकॉकच्या रस्त्यांवर तरुण मुलेमुली निःशब्द उभी राहून हाताची मधली तीन बोटे उंच धरू लागली. ही खूण कोणा पक्षाने दिलेली नव्हती. सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतून आणि तिच्यावरील चित्रपटांतून ती आली होती. तीन बोटे उंचावणाऱ्यांची धरपकड सुरू झाली. ज्या पुस्तकातील एका हस्तमुद्रेचे भय बंदूकधारी सत्तेला वाटते, ते पुस्तक पोरखेळ म्हणून बाजूस सारता येत नाही.

प्रौढ वाचकाची अडचण मात्र खरी आहे. मराठी मनात कुमारवाङ्मय म्हटले की साने गुरुजींचे नाव येते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या 'श्यामची आई'ने कित्येक पिढ्यांना दुसऱ्याच्या दुःखाने डोळे ओले करावयास शिकविले. त्या संस्कारात वाढलेला माणूस 'द हंगर गेम्स' उघडतो तेव्हा तो प्रथम दचकतो. येथे बारा ते अठरा वर्षांची मुले एकमेकांचे प्राण घेतात. ते राज्यकर्त्यांच्या आज्ञेने घडते आणि एखाद्या उत्सवासारखे साजरे केले जाते. अशा लेखनाने कोवळ्या मनावर कोणता संस्कार होणार, ही शंका अनाठायी नाही; तिचा विचार पुढे होईलच. तथापि तीन भागांची ही कथा पुरती वाचणाऱ्या प्रौढ वाचकाला एक गोष्ट मान्य करावी लागते. जुलूम कसा चालतो याचे निदान ही कादंबरी विलक्षण अचूकपणे करते. जुलूम उलथविणारे स्वतः कसे बिघडू शकतात, याविषयी ती तितक्याच गांभीर्याने सावध करते. परंतु या दोहोंच्या मध्ये जे असते, म्हणजे सामान्य माणसांनी दीर्घकाळ चिकाटीने बांधलेली संघटना, तिच्याविषयी या कादंबरीला फारसे काही ठाऊक नाही. तिचे बळ आणि तिची उणीव ही दोन्ही कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगी आहेत.

भुकेचे गणित

कथा घडते ती पानेम नावाच्या राज्यात. उत्तर अमेरिकेची वाताहत झाल्यानंतर तिच्या अवशेषांवर हे राज्य उभे राहिले आहे. डोंगरांच्या आश्रयाने वसलेली कॅपिटॉल ही त्याची राजधानी, आणि तिच्या अंकित असलेले बारा जिल्हे. कोणी धान्य व फळे पिकवायची, कोणी कापड विणायचे, कोणी मासे पकडायचे, कोणी कोळसा खणायचा, आणि सारे राजधानीला पोचते करावयाचे. पूर्वी एकदा जिल्ह्यांनी बंड केले होते. ते चिरडले गेले आणि तेरावा जिल्हा तर नकाशावरून पुसून टाकल्याचे जाहीर झाले. त्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडावयाची, त्या चोवीस मुलांना बंदिस्त रानात सोडावयाचे आणि एकच जिवंत उरेपर्यंत त्यांना परस्परांशी झुंजवावयाचे, असा दंडक आहे. आणि हा खेळ प्रत्येकाने दूरचित्रवाणीवर पाहिलाच पाहिजे.

येथवरची कल्पना भयंकर असली तरी वाङ्मयात अगदीच अपूर्व म्हणता येणार नाही. या कादंबरीचे खरे सामर्थ्य आहे ते चिठ्ठ्यांच्या हिशेबात. बाराव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, आणि अशा रीतीने अठराव्या वर्षी सात. हा नियम गरीब-श्रीमंत सर्वांना सारखाच. मात्र ज्या घरात अन्न नाही, त्या घरातील मुलाला एक सवलत आहे. त्याने आपल्या नावाची एक जादा चिठ्ठी टाकावी आणि तिच्या बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल इतके धान्य व तेल घ्यावे. घरातील प्रत्येक माणसासाठी त्याला हा सौदा करता येतो, आणि जादा चिठ्ठ्यांची संख्या वर्षागणिक साचत जाते. कथेची नायिका कॅटनिस बाराव्या जिल्ह्यातील खाणकामगाराची मुलगी. ती अकरा वर्षांची असताना खाणीतील स्फोटात बाप गेला. तेव्हापासून स्वतःसाठी, आईसाठी आणि धाकट्या बहिणीसाठी ती धान्य उचलीत आली. म्हणून सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या चिठ्ठ्या वीस. पाच माणसांच्या कुटुंबाचा भार वाहणारा तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा. त्याच्या चिठ्ठ्या बेचाळीस. नगराध्यक्षाच्या मुलीवर मात्र असा सौदा करण्याची वेळच कधी आलेली नाही.

या गणितात एक अख्खी समाजव्यवस्था सामावलेली आहे. येथे कायदा सर्वांना समान आहे, चिठ्ठी आंधळी आहे, आणि जादा चिठ्ठी टाकण्याची सक्ती कोणावरही नाही. उपाशी मुलाने ती 'राजीखुशीने' टाकलेली आहे. भांडवलशाही ज्याला कराराचे स्वातंत्र्य म्हणते, त्याचे इतके सोपे आणि इतके निर्दय विवेचन पंधरा वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेत क्वचितच झाले असेल. हे केवळ कल्पित राज्यातच घडते असे नाही. मानवी विष्ठा हाताने साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध भारतात १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले, आणि तरीही गटारात उतरून गुदमरणाऱ्या सफाई कामगारांच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. त्या कामगारावरही कोणी बंदूक रोखलेली नसते. त्याच्या घरातील रिकामा डबा पुरेसा असतो.

लेखिकेने आणखी एक मर्म ओळखले आहे. निवडीच्या दिवशी गेल नगराध्यक्षाच्या मुलीच्या नव्या पोशाखावर टोचून बोलतो. त्याचा राग खरा आहे, पण तो ज्या मुलीवर निघतो तिने हा नियम केलेला नाही. कोळशाच्या वस्तीतील उपाशी माणसाने बाजारपेठेतील दोन घास खाणाऱ्या शेजाऱ्याचा द्वेष करावा, म्हणजे राजधानीकडे कोणाची दृष्टी वळणार नाही, ही त्या सौद्यामागील खरी योजना आहे, हे स्वतः गेललाही शांतपणी उमगते. 'फोडा आणि झोडा' ही नीती केवळ जातीधर्माच्या नावाने चालते असे नव्हे. ती शिधापत्रिकेच्या रंगावरही चालू शकते.

आणि मग निवड होते. वीस चिठ्ठ्या असलेल्या कॅटनिसचे नाव निघत नाही, बेचाळीस चिठ्ठ्या असलेल्या गेलचेही नाही. बारा वर्षांच्या धाकट्या प्रिमची एकच चिठ्ठी होती. कॅटनिसने तिला धान्याचा सौदा कधी करू दिला नव्हता. नेमकी तीच निघते. हा योगायोग कथानकाच्या सोयीचा आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु त्यात एक सत्यही आहे. सारा धोका आपल्या अंगावर ओढून घेतला की आपले माणूस वाचेल, हा गरिबाचा जुना हिशेब असतो. व्यवस्था जागच्या जागी असेपर्यंत तो हिशेब केव्हाही कोसळू शकतो.

भाकरी आणि खेळ

पानेम हे नाव लॅटिन आहे. त्याचा अर्थ भाकरी. भाकरी आणि खेळ यांच्या मोबदल्यात रोमन प्रजेने आपले राजकीय हक्क सोडून दिले, अशी टीका रोमन उपरोधकार जुव्हेनाल याने केली होती. त्या वचनातून हे नाव घेतले आहे. कॉलिन्स यांनी त्यात केलेला बदल ध्यानात घेण्याजोगा आहे. रोमच्या प्रजेला भाकरीही मिळत असे आणि खेळही. पानेममध्ये या दोन्ही गोष्टी राजधानीतील नागरिकांसाठी आहेत. जिल्ह्यांतील माणसाला भाकरी हवी असेल तर तिची किंमत म्हणून आपले मूल खेळासाठी पणाला लावावे लागते.

एका रात्री दूरचित्रवाणीच्या वाहिन्या बदलीत असताना एकीकडे तरुणांची बक्षिसासाठी चाललेली स्पर्धा आणि दुसरीकडे इराकमधील युद्धाची दृश्ये दिसली आणि त्या दोहोंची सरमिसळ होऊन ही कथा सुचली, असे लेखिकेने सांगितले आहे. त्यांचे वडील अमेरिकन हवाई दलात होते आणि व्हिएतनाम युद्धावर गेलेले होते. या पार्श्वभूमीमुळे कादंबरीतील रक्तपात हौसेचा वाटत नाही. येथे मरणाच्या वाटेवर असलेल्या मुलांना आधी न्हाऊमाखू घालून नटविले जाते, त्यांच्या मुलाखती होतात, त्यांच्यावर पैजा लागतात. ज्यांचा चेहरा प्रेक्षकांना भावतो त्यांना श्रीमंत आश्रयदाते औषध आणि अन्न धाडतात. जिवंत राहावयाचे तर मुलांनी प्रेमाचेही नाटक केले पाहिजे. मनुष्याचे दुःख विकाऊ माल होते तेव्हा दुःख भोगणाऱ्यालाच त्याची जाहिरात करावी लागते, हे कादंबरीने दाखविले आहे.

आता हिंसेविषयीच्या शंकेकडे वळले पाहिजे. पुढे कोण मरणार या उत्कंठेने पाने उलटणारा वाचक राजधानीतील प्रेक्षकांहून कितीसा वेगळा, हा प्रश्न टाळता येत नाही. लेखिकेनेही तो पूर्णपणे सोडविलेला नाही. चोविसांतील कित्येक मुले नावाशिवायच मरतात. नायिकेच्या हातून मरणारी मुले बहुधा आधीच क्रूर म्हणून रंगविलेली असतात, म्हणजे तिचे मन आणि वाचकाचे मन दोन्ही स्वच्छ राहतात. ही पळवाट आहे, आणि प्रौढ वाचकाने ती दाखवून दिली पाहिजे.

तथापि या कथेच्या मध्यभागी एक प्रसंग आहे, ज्याने हा दोष बराचसा भरून निघतो. अकराव्या जिल्ह्यातील बारा वर्षांची रू ही मुलगी कॅटनिसची सोबतीण होते. तिचा जिल्हा फळबागांचा आणि शेतांचा. पण तेथे पिकविणारेच उपाशी राहतात, आणि पिकाला तोंड लावले तर फटके बसतात. रू मारली जाते. कॅटनिस तिच्या देहाभोवती रानफुले रचते, कारण ही मुलगी म्हणजे खेळातील सोंगटी नव्हती, हे तिला राजधानीला दाखवावयाचे असते. त्यानंतर आकाशातून एक भाकरी उतरते. ती अकराव्या जिल्ह्याने धाडलेली असते. उपाशी माणसांनी आपल्या घासातून पैसे काढून परक्या जिल्ह्यातील मुलीला अन्न द्यावे, असे त्या खेळात पूर्वी घडलेले नसते. राजधानीच्या भाकरीत द्वेष कालविलेला होता. या भाकरीत बंधुभाव आहे. पुढच्या बंडाची पहिली ठिणगी येथे पडते. दुसऱ्याच्या दुःखाने डोळे ओले करण्याचा जो संस्कार गुरुजींनी दिला, त्याच्याशी या प्रसंगाचे नाते आहे.

बाजाराने या पुस्तकाचे काय केले, हेही सांगितले पाहिजे. २०१२ ते २०१५ या काळात त्यावर चार चित्रपट निघाले. २०१३ साली दुसऱ्या चित्रपटाच्या निमित्ताने एका कंपनीने राजधानी कॅपिटॉलच्याच नावाने सौंदर्यप्रसाधने विक्रीस काढली. ज्या चंगळवादावर कादंबरीने आसूड ओढला, त्याच चंगळीची रंगपेटी दुकानात मांडली गेली. भांडवलशाहीची पचनशक्ती मोठी आहे. आपल्यावरील टीकाही ती वेष्टनात गुंडाळून विकते. परंतु यात दोष पुस्तकाचा नाही, आणि विकली गेलेली प्रत्येक प्रत वाया गेली असेही नाही. त्याचा पुरावा बँकॉकमध्ये मिळाला.

खाणीचा विसरलेला इतिहास

बारावा जिल्हा पूर्वी अ‍ॅपलेशिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात आहे, असे कादंबरीत म्हटले आहे. हा प्रदेश कल्पित नाही. अमेरिकेच्या पूर्व भागातील ही डोंगररांग कोळशासाठी प्रसिद्ध आहे. तेथील खाणगावांत घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, आणि कित्येक ठिकाणी मजुरीही कंपनीच्याच नाण्यांत मिळत असे. ती नाणी कंपनीच्या दुकानाबाहेर चालत नसत. अन्नाच्या बदल्यात माणूस बांधून ठेवण्याची जी रीत कादंबरीत आहे, तिचा मूळ नमुना येथे सापडतो. वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगा येथे ६ डिसेंबर १९०७ रोजी झालेल्या खाणस्फोटात अधिकृत नोंदीप्रमाणे ३६२ माणसे मेली. त्याच राज्यात ५ एप्रिल २०१० रोजी अपर बिग ब्रँच या खाणीत २९ कामगार स्फोटात मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी या कादंबरीचा तिसरा भाग प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९७५ मधील चासनाळ्याची दुर्घटना ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना कॅटनिसच्या बापाचा मृत्यू परका वाटणार नाही.

परंतु अ‍ॅपलेशियाचा इतिहास केवळ मरणाचा नाही, तो लढ्याचाही आहे. १९२१ साली वेस्ट व्हर्जिनियातील ब्लेअर पर्वतापाशी सुमारे दहा हजार खाणकामगार कामगार संघटनेच्या हक्कासाठी शस्त्रे घेऊन उभे राहिले. त्यांत गोरे होते, काळे होते, युरोपातून नुकतेच आलेले स्थलांतरित होते. ओळख पटावी म्हणून त्यांनी गळ्यात लाल रुमाल बांधले होते. मालकांच्या बाजूने लढणाऱ्यांनी त्यांच्यावर विमानांतून बॉम्बही टाकले. अखेर केंद्रीय सैन्य आले तेव्हा कामगारांनी माघार घेतली. तो लढा त्या वेळी हरला; पण संघटनेचा हक्क पुढे अमेरिकन कामगारांनी कायद्याने मिळविला.

आता कादंबरीतील बारावा जिल्हा पाहावा. त्याच डोंगरात, तोच कोळसा खणणाऱ्या माणसांत संघटना नाही, संप नाही, रात्रीची गुप्त बैठक नाही, बापजाद्यांच्या लढ्याची आठवणही नाही. रानात गेल एकटाच चिडून बोलतो आणि कॅटनिस ते मुकाट्याने ऐकते. बंड उभे राहते ते एका मुलीच्या धाडसाने. खेळाच्या अखेरीस ती आणि तिचा जोडीदार पीटा विषारी फळे तोंडात टाकण्याची तयारी दाखवितात, राज्यकर्ते नमतात, आणि ते दृश्य पाहून जिल्हे पेटतात. दुसऱ्या भागात आठव्या जिल्ह्यातील कापडाच्या कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटाआड कुजबुजत उठावाची तयारी झाल्याचे कळते. प्रौढ वाचकाचे कान तेथे टवकारले जातात. ती माणसे कोण, त्यांनी एकमेकांवर विश्वास कसा ठेवला, पहिली फितुरी कशी पचविली, हे जाणून घ्यावेसे वाटते. परंतु तेथून पळून आलेल्या दोघींच्या तोंडून एवढी वार्ता ऐकून कथा पुढे निघून जाते.

ही उणीव एका लेखिकेची नाही. ज्या काळात ही कादंबरी लिहिली गेली त्या काळाची ती उणीव आहे. कामगार संघटना क्षीण झाल्या, सामुदायिक जीवन विरत गेले, आणि तरुणांना क्रांतीची कल्पना करावयाची तर एक वीर, एक चेहरा आणि एक क्षण एवढेच डोळ्यांपुढे येऊ लागले. हुकूमशहा पाहणे त्यांना सहज जमते. सभासद-वर्गणीची पावती त्यांच्या कल्पनेत येत नाही.

साध्य आणि साधन

तिसरा भाग सर्वांत कमी लोकप्रिय आणि, प्रौढ वाचकाच्या दृष्टीने, सर्वांत मोलाचा आहे. नष्ट झाल्याचे सांगितलेला तेरावा जिल्हा जमिनीखाली जिवंत असतो. तेथे समता आहे, पण ती बराकीतील समता आहे. अन्न मोजून, कपडे एकसारखे, आणि प्रत्येकाचा दिनक्रम रोज सकाळी त्याच्या हातावर उमटविलेला. अध्यक्षा कॉइन बंडाचे नेतृत्व करते आणि कॅटनिसला बंडाचे प्रतीक म्हणून छायायंत्रापुढे उभी करते. राजधानीने तिला नटविले होते. बंडखोरही तिला नटवितात. फक्त पोशाख बदलतो.

येथून लेखिका एकेक पाऊल पुढे नेते. दुसऱ्या जिल्ह्यातील डोंगरात शत्रूचे लष्करी ठाणे असते. आतील माणसांसह तो डोंगर बुजवून टाकावा, असे गेल सुचवितो. खाणीत बाप गमावलेल्या मुलीपुढे खाणीतल्यासारखे मरण शस्त्र म्हणून मांडले जाते, आणि मांडणाराही खाणीत बाप गमावलेलाच असतो. पुढे तो अशा बॉम्बची योजना करतो की जो पहिल्या स्फोटाने जखमी करील आणि मदतीला धावून आलेल्यांना दुसऱ्या स्फोटाने मारील. अखेरच्या लढाईत राजधानीतील मुलांच्या घोळक्यावर नेमके तसेच बॉम्ब पडतात, आणि जखमी मुलांच्या शुश्रूषेला धावलेली प्रिम दुसऱ्या स्फोटात मरते. जिला वाचविण्यासाठी कथेचा आरंभ झाला, ती बंडखोरांच्याच शस्त्राने गेली, असे मानण्यास सबळ कारण कॅटनिसपाशी उरते. विजयानंतर अध्यक्षा कॉइन एक प्रस्ताव मांडते. सूडाची तहान भागावी म्हणून आणखी एकच खेळ व्हावा, आणि या वेळी राजधानीतील मुले रानात सोडावीत. जुन्या हुकूमशहाला मारण्यासाठी कॅटनिसच्या हाती बाण दिला जातो. ती तो नव्या सत्ताधारिणीवर सोडते.

नायिकेचे हे कृत्य अनुकरणीय आहे, असे कोणीही म्हणणार नाही. एका हत्येने सत्तेचा प्रश्न सुटत नाही. परंतु त्यामागील विचार महाराष्ट्रातील समाजवाद्यांना अपरिचित नाही. साध्य कितीही थोर असले तरी साधन अशुद्ध असेल तर साध्यही विटाळते, हा साधनशुचितेचा आग्रह आचार्य जावडेकर, साने गुरुजी, एस. एम. जोशी यांच्या पिढीने जन्मभर धरला. त्या आग्रहाची भाबडेपणा म्हणून टिंगल झाली, पक्षाच्या आतही झाली. आज एक परदेशी लेखिका, गांधींचे नावही न घेता, कुमारवयीन वाचकाला त्याच ठिकाणी आणून उभी करते. शत्रूच्या मुलांना रानात सोडणारी क्रांती ही क्रांती नव्हे. खेळाचा मालक तेवढा बदलला. ज्या पिढीने 'साधनशुचिता' हा शब्दही ऐकलेला नसेल, तिला त्याचा आशय या कथेतून कळू शकतो.

शेवट मात्र पुन्हा अपुरा आहे. कॅटनिस उद्ध्वस्त गावी परतते, घर मांडते, मुले वाढविते. त्या मुलांच्या पायांखाली मृतांची दफनभूमी असते. युद्धाने मोडलेल्या मनाचे हे चित्र प्रामाणिक आहे. पण नवे राज्य कसे चालले, खाणी कोणाच्या झाल्या, धान्याची वाटणी कशी ठरली, याविषयी कादंबरी जवळजवळ मूक आहे. भुकेच्या गणितापासून आरंभ झालेल्या कथेने अखेरीस तरी भाकरीचा नवा हिशेब मांडावयास हवा होता.

तीन बोटांचा प्रवास

कादंबरीने जे लिहिले नाही, ते काही प्रमाणात वाचकांनी केले. कथेत तीन बोटांची खूण ही बाराव्या जिल्ह्यातील जुनी, अंत्ययात्रेतील रीत आहे: आभार, आदर आणि जिवलगाचा निरोप. कॅटनिस बहिणीच्या जागी स्वतः पुढे होते तेव्हा जमलेली माणसे टाळ्या वाजवीत नाहीत. ती मुकाट्याने ही खूण करतात. थायलंडमधील तरुणांनी तिला नवा अर्थ दिला. तीन बोटे म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता, असे काही निदर्शकांनी सांगितले. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीचा उद्घोष एका अमेरिकन कुमार-कादंबरीच्या वाटेने बँकॉकला पोचला. नोव्हेंबर २०१४ मध्ये खोन केन येथे लष्करी पंतप्रधानांच्या भाषणाच्या वेळी पाच विद्यार्थ्यांनी ही खूण केली आणि त्यांना पकडण्यात आले. त्याच सुमारास बँकॉकमधील एका चित्रपटगृह-समूहाने या मालिकेतील नव्या चित्रपटाचे खेळ रद्द केले. २०२० साली तर शाळकरी मुलांनी राष्ट्रगीताच्या वेळी शाळेच्या प्रांगणात तीन बोटे उंचावली.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा रुग्णालयांतील डॉक्टर आणि परिचारिकांनी प्रथम हीच खूण केली. २६ फेब्रुवारीला म्यानमारचे संयुक्त राष्ट्रांतील राजदूत च्यॉ मो तुन यांनी आमसभेत लष्कराविरुद्ध भाषण केले आणि अखेरीस तीन बोटे वर केली. तथापि सत्तेला खरा हादरा बसला तो खुणेमागे उभ्या राहिलेल्या असहकाराने. रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांनी काम सोडले, रेल्वे कामगारांनी गाड्या थांबविल्या, यांगूनमधील कापड-कारखान्यांतील कामगार स्त्रिया आघाडीवर रस्त्यावर उतरल्या. जी गोष्ट कादंबरीने गोंगाटाआडच्या कुजबुजीवर सोडून दिली होती, ती या स्त्रियांनी उघड्यावर केली. पुढे दडपशाही इतकी वाढली की असंख्य तरुणांनी शस्त्रे हाती घेतली. ते योग्य की अयोग्य याचा निवाडा सुरक्षित अंतरावरून करण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु तिसऱ्या भागातील प्रश्न त्यांच्यापुढे कथेतला राहिलेला नाही. तो त्यांच्या हातातील शस्त्राएवढाच खरा आहे.

थायलंडचा अनुभवही बोलका आहे. तरुणांच्या पाठिंब्यावर २०२३ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा जिंकणाऱ्या पक्षाला सरकार बनवू दिले गेले नाही, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने तो पक्षच विसर्जित केला. खूण भीती मोडते. भीती मोडल्यावर जे बांधावे लागते, त्याला वर्षे लागतात.

कार्यकर्त्यांचे काम

म्हणून या कादंबरीविषयी प्रौढ वाचकाचे मत दुहेरी असणे अपरिहार्य आहे. जे ज्येष्ठ कार्यकर्ते 'हल्लीची मुले असलेच काहीतरी वाचतात' असे म्हणून तोंड फिरवितात, ते एक तयार झालेली सभा सोडून निघून जातात. ज्या मुलाला वीस चिठ्ठ्यांचा अन्याय कळला आहे, त्याला किमान वेतनाचा प्रश्न समजावून सांगणे अवघड नाही. ज्या मुलीला रूसाठी आलेल्या भाकरीने गहिवरून आले, तिला संपकऱ्यांच्या घरी धान्य का पोचवावयाचे असते हे सांगावे लागणार नाही. राग आहे, करुणा आहे, शंका घेण्याची वृत्तीही आहे. नाही ती एवढीच जाणीव की या साऱ्याला दर आठवड्याला भरणारी बैठक लागते, कार्यवृत्त लागते, हिशेबतपासनीस लागतो आणि चुकलेल्या नेत्याला पायउतार करणारी घटना लागते.

हे पुस्तक युवकांच्या अभ्यासमंडळात अवश्य वाचले जावे. वाचून झाल्यावर तीन प्रश्न चर्चेला ठेवावेत. बाराव्या जिल्ह्यात संघटना बांधावयाची असती तर पहिली बैठक कोणाच्या घरी घेतली असती? अध्यक्षा कॉइनला सत्तेवर येण्यापूर्वीच रोखता यावे म्हणून बंडखोरांच्या संघटनेत कोणते नियम हवे होते? आणि विजयाच्या दुसऱ्या दिवशी धान्याची वाटणी कोणी आणि कशी करावयाची? या प्रश्नांची उत्तरे कादंबरीत नाहीत. ती मुलांना शोधू द्यावीत, आणि ज्येष्ठांनी त्या वेळी थोडे कमी बोलावे. कदाचित त्या उत्तरांतून पक्षाच्या शाखांनाही आपल्या कारभाराची पुन्हा तपासणी करावीशी वाटेल. साधनांचा विवेक हा केवळ सत्तेवर गेल्यानंतरचा प्रश्न नसतो. कोणत्याही शाखेच्या पुढल्या बैठकीतच त्याची पहिली परीक्षा असते.